त्रेपन्नावा दात

गिऱ्हाईक माझ्याकडे गिअर आणतं तेव्हा तो गोणपाटात गुंडाळलेला असतो आणि तुटलेला असतो. चांगला चालणारा गिअर दाखवायला आजवर कुणी आलेलं नाही. नगरच्या एमआयडीसीच्या मागच्या अंगाला माझं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, एक ड्रिल आणि आम्ही चार माणसं. जिल्ह्याचं नाव बदललं, रस्त्यावरच्या पाट्या बदलल्या, पण नेवासा-शेवगावकडचं गिऱ्हाईक अजून ‘नगरच्या गेरवाल्या बाईंकडं’ म्हणूनच येतं. माणूस नवीन असला तर दारातच थबकतो आणि विचारतो, “सायेब न्हाईत का?” मी म्हणते, “साहेब मीच. गोणपाट सोडा.”

आमचं काम लोखंडाचं आहे असं लोकांना वाटतं. लोखंड असतंच, पण अर्धं काम आकड्यांचं असतं. कर्जतकडचे एक गृहस्थ एकदा गिअरचा वीतभर तुकडा घेऊन आले. त्यावर तीन दात होते.

“बाकीचा कुठंय?”

“बाकीचा हिरीत पडला. पर समदा असाच हुता. गोल.”

“गोल होता ते कळलं. दात किती होते?”

“चालत हुता तवर दात कोन मोजतंय, बाई?”

त्यांचं खरं होतं. चालत्या गोष्टीचे दात कुणी मोजत नाही. मोडल्यावर मोजायची वेळ येते आणि तेव्हा मोजायला दात उरलेले नसतात.

गिअर कापायचा म्हणजे काय करायचं, ते थोडक्यात सांगते. लोखंडाची गोल चकती मिलिंग मशीनवर बांधायची आणि फिरत्या कटरने तिच्या कडेला एक गाळा पाडायचा. मग चकती थोडी फिरवायची आणि दुसरा गाळा पाडायचा. दोन गाळ्यांच्या मधे जे उरतं तो दात. सगळं कसब त्या ‘थोडी फिरवायची’मध्ये आहे. दरवेळी नेमकी तेवढीच फिरली पाहिजे, नाहीतर शेवटचा दात एक तर लाडवासारखा फुगतो किंवा पातळ पापुद्रा होतो. त्यासाठी डिव्हायडिंग हेड नावाचं यंत्र असतं. त्याचं हँडल चाळीस वेळा फिरवलं की चकतीचा एक फेरा होतो. वीस दात हवे असतील तर चाळीस भागिले वीस, म्हणजे प्रत्येक दाताला हँडलचे दोन फेरे. तीस हवे असतील तर एक फेरा आणि वर एक तृतीयांश. तो तृतीयांश मोजता यावा म्हणून हँडलमागे एक पत्रा असतो. त्यावर भोकांची वर्तुळं असतात, कुठे पंधरा भोकं, कुठे सोळा, कुठे अठरा. तृतीयांशाला तीनच्या पटीतलं कुठलंही वर्तुळ चालतं. अठराच्या वर्तुळात सहा भोकं पुढे गेलं की झालं.

सातवीत आम्हाला मसावि-लसावि होते. दोन घंटा एकदम वाजल्या, एक इतक्या मिनिटांनी वाजते, दुसरी तितक्या, तर पुन्हा एकदम कधी वाजतील? या घंटा कोण वाजवतं आणि त्या एकदम वाजल्याने कुणाचं काय भलं होतं, हे गुरुजींनी कधी सांगितलं नाही. मी उत्तर लिहायची आणि विसरायची. त्या घंटा गिअर वाजवतात हे मला वर्कशॉपात आल्यावर कळलं. शाळेत कुणी एक गिअर आणून दाखवला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

आता सवयच लागली आहे. समोर आकडा आला की मी तो फोडून बघते. शेवटी सम अंक असला तर दोनने. अंकांची बेरीज तीनच्या पाढ्यातली असली तर तीनने. शेवटी पाच किंवा शून्य असला तर पाचने. मग सातने. आकडा एकशे एकवीसच्या आतला असेल तर सातपर्यंत बघितलं की काम संपतं, कारण अकरा अकरे एकशे एकवीस. त्या आकड्याला अकरा किंवा त्याहून मोठा भाग असेल तर त्याचा जोडीदार अकराहून लहान असणार, आणि तो आधीच सापडला असता. एवढं करून जो फुटत नाही तो मूळसंख्या. एक्क्याण्णव मात्र दिसायला मूळसंख्या आणि निघतो तेरा साती. त्याने मला पुष्कळदा फसवलं आहे.

हे सगळं ज्यांच्यामुळे मला खऱ्या अर्थाने कळलं त्या हिराबाई. सोनईच्या पुढे त्यांचं गुऱ्हाळ आहे. ऐन हंगामात, एका गुरुवारी सकाळी, त्या टेम्पोतून उतरल्या. मागून त्यांचे दीर बापूराव गोणपाट ओढत आले. आत परातीएवढा बिडाचा गिअर होता. मोटरचा वेग कमी करून उसाच्या चरकाला देणारी जी पहिली जोडी असते, त्यातला हा मोठा.

“ताई, ह्यो तिसऱ्यांदा मोडला,” हिराबाई म्हणाल्या. “दर खेपेला वेल्डिंगनं दात भरायचं, आठ दिस चालायचं, की पुन्हा ठो!”

“म्हातारा झालाय चरक,” बापूराव म्हणाले. “शिंगनापूरला तेल वाहिलं, तरी गुन न्हाई. म्या भंगारवाल्याला सांगून ठिवलंय. सोमवारी येतोय त्यो.”

“देवाला घातलं त्यातलं वाटीभर गेराला घातलं असतं तर गुन आला असता.”

“वैनी, आता हट्ट करू नका.”

“सोमवार अजून उगवला न्हाई, बापूराव.”

मग त्यांनी मला नीट सांगितलं. बापूरावांना गुऱ्हाळ बंद करून सगळा ऊस कारखान्याला घालायचा होता. घरातले बाकीचेही त्यांच्या बाजूला झुकलेले होते. हिराबाईंनी एवढंच कबूल करून घेतलं होतं की रविवारपर्यंत चरक चालू झाला तर राहील, नाहीतर जाईल. “वीस वर्सं लोकांच्या चुलाणात चिपाडं सारली म्या. मंग ह्यो चरक उभा केला. ह्यो गेला तर पुन्हा त्येच. आनि तोडलेला ऊस दारात पडून हाय. दिसागनिक त्याची गोडी उतरतीय.”

मी गिअर टेबलावर घेतला. तीन ठिकाणी दात मोडलेले होते. दात मोडलेला गिअर बघण्यात काही नवल नाही, पण हे तीन शेजारी-शेजारी नव्हते. एक इथे, एक पलीकडे, एक तिकडे. मी सहज मधलं अंतर मोजलं. एका मोडक्या दातापासून दुसरा अठरावा. तिथून पुढचा पुन्हा अठरावा. तिथून पहिल्यावर यायला परत अठरा. मी उलट्या बाजूने पुन्हा मोजलं. अठरा, अठरा, अठरा.

माझे मिलिंगवाले इस्माईलभाई शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, “ताई, हे तर कुणी मापून तोडल्यासारखे दिसतात.”

बापूरावांनी लगेच वहिनींकडे पाहिलं. “बघा. म्या म्हनत हुतो न्हवं? कुनाची तरी करनी हाय.”

मी म्हटलं, “करणी आहेच. ह्याच्यावर चालणारा लहान गिअर कुठंय?”

“त्यो तिकडंच हाय, चरकाला.”

“त्याला अठरा दात आहेत. आणि त्यातला एक दात वेल्डिंगने भरलेला आहे.”

हिराबाई पुढे सरकल्या. “तुमी कवा बघितला त्यो?”

बघितला नव्हता. गिअर चोपन्न दातांचा होता, आणि अठरा त्रिक चोपन्न. लहान गिअरचे तीन फेरे झाले की मोठ्याचा बरोबर एक होतो. म्हणजे लहानाचा एखादा दात मोठ्याच्या त्याच तीन दातांना भेटत राहतो, जन्मभर. चौथ्याला तो कधी शिवत नाही. तो एक दात जाड किंवा टणक झाला, की त्या तिघांचं मरण ठरलेलं. दुपारी आम्ही सोनईला गेलो. चरकाचं झाकण काढलं. पिनियनला, म्हणजे त्या लहान गिअरला, अठरा दात होते आणि एका दातावर वेल्डिंगचा टेंगूळ होता. उसातून दगड गेला तेव्हा तो मोडला होता, म्हणे, आणि गावातल्या माणसाने भरून दिला होता.

आता मला दुसरीच शंका आली. बेअरिंगच्या बैठकीचे बोल्ट मूळ जागेवरून थोडे सरकवलेले दिसत होते, जणू जरा मोठ्या गिअरला जागा करून दिलेली. “हा मोठा गिअर पहिल्यापासूनचा नाही ना?”

“न्हाई. दोन वर्सामागं बदलला. पयला लई वर्सं चालला. शेवटाला झिजला, पर मोडला न्हाई कदी.”

“तो कुठंय?”

“म्हशीच्या दाव्याला.”

गोठ्यात तो अर्धा शेणात होता आणि त्याच्या मधल्या भोकातून दावं घेतलेलं होतं. मी बसून मोजायला लागले. तिसावर म्हशीने शेपटी मारली आणि मोजणी बुडाली. मग हिराबाईंनी शेपूट धरून ठेवलं आणि मी खडूने खूण करून पहिल्यापासून मोजलं. त्रेपन्न. दातांची झीज बघितली. सगळे दात सारखे झिजलेले होते. नदीतल्या गोट्यांसारखे गुळगुळीत, पण एकही दुसऱ्यापेक्षा जास्त नाही.

त्रेपन्न. दोनने जात नाही. पाच आणि तीन आठ, म्हणून तीनने नाही. शेवटी पाच नाही, शून्य नाही. सात साती एकोणपन्नास आणि वर चार उरतात. संपलं, मूळसंख्या. अठराशी त्याचं कुठेच जमत नाही. म्हणून लहान गिअरच्या एका दाताला तोच दात पुन्हा भेटायचा तर आधी बाकीच्या बावन्न दातांना भेटून यावं लागतं. ज्याने हा चरक घडवला त्याला चोपन्न सोपा पडला असता. कापायला सोपा, हिशेबाला सोपा. तरी त्याने एक दात कमी केला. कारण उसात दगड येणार, कधी ना कधी एखादा दात बिघडणार, हे त्याला माहीत होतं. चरकाच्या अंगावर कारखान्याचं नाव शोधलं, तर ते घासून गेलेलं होतं. तो माणूस कोण, कुठला, मला कळलं नाही. शेणात उकिडवी बसून मी त्या लोखंडाकडे बघत राहिले. मी भारावून जाणाऱ्यातली बाई नाही. पण त्या दिवशी मला उठायला जरा वेळ लागला.

“त्रेपन्नात येवढं काय हाय?” हिराबाईंनी विचारलं.

“चोपन्न असले तर वाईट दात त्याच तिघांना मारत बसतो. त्रेपन्न असले तर सगळ्यांना एकेकदा. मार वाटला जातो, म्हणून कुणी मोडत नाही.”

“म्हंजी सासुरवास समद्या सुनांना सारका.”

“तसंच.”

“मंग दोन वर्सामागं नवा करनाऱ्यानं चोपन्न का केलं?”

त्याचंही उत्तर होतं. चोपन्नला चाळीसने मिळतंजुळतं घेता येतं. दोघांना दोनने भागा, वीस आणि सत्तावीस उरतात. सत्तावीस भोकांचं वर्तुळ प्रत्येक वर्कशॉपात असतं. बावन्नही असाच फुटतो. मधला त्रेपन्न चाळीसशी काहीच वाटून घेत नाही. त्याला त्रेपन्न भोकांचंच वर्तुळ लागतं आणि आमच्या पत्र्यांवर ते नाही. मोठ्या ठिकाणी हेडला जादा गिअर जोडून हे साधतात, माझ्या हेडला ती सोय नव्हती. तिथूनच पुण्याला फोन लावला. ते म्हणाले, आठ दिवसांनी बघू.

मी हिराबाईंपुढे दोन्ही गोष्टी ठेवल्या. नवं पिनियन आणि चोपन्नचा गिअर शनिवारपर्यंत नक्की देते. पुढच्या दगडापर्यंत तो चालेल. त्रेपन्नचा करून बघते, पण बिघडला तर चकती फुकट जाईल, दुसरी नाही, आणि सोमवार येईल.

बापूराव म्हणाले, “चोपन्नच करा.”

हिराबाई म्हणाल्या, “दगड तर येनारच. माज्या उसात न्हाई आला तर लोकांच्या उसात यील. त्रेपन्न करा, ताई.”

शुक्रवारी सकाळी इस्माईलभाईंनी युक्ती काढली. गोलाचे त्रेपन्न भाग करणं अवघड, सरळ पट्टीचे करणं सोपं. गठ्ठे बांधायची लोखंडी पट्टी घेतली आणि तिच्यावर दोन-दोन सेंटिमीटरवर त्रेपन्न भोकं पाडली. मग जाड प्लायवूडची चकती लेथवर लावली आणि तिची कड थोडी थोडी उतरवत नेली. दरवेळी पट्टी गुंडाळून बघायची. टोकं एकमेकांवर चढतायत की मधे फट राहतेय? दुपारी कधीतरी दोन्ही टोकं एकमेकांना अशी टेकली की नखही जाईना. गोलाचे त्रेपन्न भाग झाले. त्यात केसभर चूक असणारच. पण हँडलचे चाळीस फेरे म्हणजे लोखंडी चकतीचा एक, त्यामुळे लाकडावरची चूक लोखंडावर उतरताना चाळिसाव्या हिश्श्याची होते. वाईट पत्र्यातून चांगला गिअर निघतो, हे मला तोवर फक्त ऐकून माहीत होतं.

शनिवारी कापायला घेतलं. प्लायवूडची चकती पत्र्याच्या जागी बसवली, ती मावावी म्हणून हेडखाली ठोकळे घालून ते उंच केलं आणि हँडलला लांब हात जोडला. हिराबाई स्टुलावर येऊन बसल्या होत्या. त्यांना घरी थांबवेना. दर दाताला चाळीस भोकं पुढे जायचं. वापरलेल्या भोकावर मी खडूची टिकली करत होते. मोजणी चुकली तर निदान कळावं, एवढाच त्यात हेतू होता. पहिल्या भोकावरून एक्केचाळिसाव्यावर. तिथून अठ्ठाविसाव्यावर. मग पंधराव्यावर. मग दुसऱ्यावर, म्हणजे सुरुवातीच्या अगदी शेजारी.

“अवो, फिरून तितंच आला की!” हिराबाई दचकल्या.

“तिथं नाही. शेजारी.”

पुढे तसंच चाललं. टिकल्या चारी बाजूंनी वाढत होत्या, कुठेतरी रांगोळी भरत जावी तशा. मला सारखं वाटायचं, आता हा टिकली असलेल्या भोकात जाणार. तो जात नव्हता. रिकामं भोकच शोधायचा. शोधायला त्याला डोळे नव्हते. आम्ही आपले चाळीस मोजत होतो. पाठ्यपुस्तकात याचं कारण दोन ओळींत देता येईल. मलाही ते येतं. चाळीस आणि त्रेपन्न यांच्यात सामाईक काही नाही, म्हणून एकही भोक दुसऱ्यांदा येत नाही आणि एकही सुटत नाही. पण कारण येणं वेगळं आणि डोळ्यांसमोर ते घडताना बघणं वेगळं. इस्माईलभाई एरवी काम करताना बडबडतात. त्या दिवशी ते फक्त भोकं मोजत होते.

शेवटी एकच भोक उरलं. हँडल तिथे गेलं. आता हा गाळा पाडला की गिअरचा पहिला दात आणि शेवटचा दात शेजारी येणार. सगळी चूक, असली तर, इथेच साठणार होती.

“पाडू, ताई?”

“पाडा.”

कटर आत गेला, बाहेर आला. मी हाताने कीस झाडला. दात शेजारच्यासारखाच दिसत होता, पण डोळ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. “आता अजून एकदा चाळीस पुढे घ्या.” हँडल पहिल्या भोकावर परतलं आणि कटरखाली पहिला गाळा आला. चूक असती तर कटर एका बाजूने खरवडला असता. तो गाळ्यातून नुसता गेला. आवाज नाही, कीस नाही. हवेतून गेला.

इस्माईलभाईंनी मशीन बंद केलं आणि कपाळावरचं तेल पुसलं. हिराबाईंनी विचारलं, “काय झालं? का बंद केलं?”

“झाला,” मी म्हटलं.

रविवारी सकाळी आम्ही गिअर आणि नवं पिनियन घेऊन सोनईला गेलो. बेअरिंग मूळ जागेवर घेतलं. एरवी अशी जोडी बसवल्यावर मी एका दाताला निळा रंग लावून फिरवते. कुठे टेकतो ते रंगावरून कळतं. मी डबी काढणार तेवढ्यात हिराबाई ताट घेऊन आल्या. यंत्राला हळदीकुंकू लावायची रीत आमच्या घरात नाही, माझ्या वर्कशॉपातही नाही. पण गिऱ्हाईकाच्या चरकाला गिऱ्हाईकाने काय लावावं हे मी सांगत नसते. त्यांनी बोटभर कुंकू घेतलं आणि पिनियनच्या समोर आलेल्या एका दातावर लावलं. दातांना ग्रीस होतंच, कुंकू त्यात चांगलं धरलं.

“आता निळ्याची गरज नाही,” मी इस्माईलभाईंना म्हटलं. “हेच बघू.”

ऊस न लावता मोटर चालू केली. बापूराव खांबाला टेकून, हाताची घडी घालून उभे होते. गूळ रांधणारा गुळव्या काहिलीपाशी थांबला होता. खडखड नव्हती, फक्त एकसारखी घरघर. थोडा वेळ चालू दिलं आणि थांबवलं. मी झाकण काढलं, मोठ्या गिअरच्या वर आलेल्या दातावर खडूने खूण केली आणि हिराबाईंना पुढे बोलावलं.

त्यांनी मोठा गिअर हाताने सावकाश फिरवला. दात एकेक करून वर येत होते. पहिल्यावर लाल डाग. दुसऱ्यावर लाल डाग. कुठे गडद, कुठे पुसट, पण होता. त्या बोट लावून बघत गेल्या. अर्ध्यावर बापूराव खांब सोडून जवळ आले आणि वाकले. मीही वाकले. हे असंच होणार हे मला गुरुवारपासून माहीत होतं, तरी मी एकेक डाग मोजत गेले. एका दाताला लावलेलं कुंकू कुणाला सांगितल्याशिवाय घरोघर गेलं होतं.

खडूची खूण पुन्हा वर आली तेव्हा हिराबाईंनी हात काढला.

“एक बी दात उपाशी न्हाई ठिवला त्यानं,” त्या म्हणाल्या. मग उठल्या, पदराला बोटं पुसली आणि दिराकडे न बघता म्हणाल्या, “बापूराव, ऊस लावा.”

बापूरावांनी मोळी उचलली.